राखणीचा खेळ

‘वर्म ऑनलाइन’ या खेळात लोखंडी कुदळ सुधारायला घेतली की खेळ एका वेळी एकच वस्तू मागतो. आधी भट्टीत लाल केलेला लोखंडाचा गोळा. तो लावला की म्हणतो, पोचे आलेत, हातोडी घे. मग धार गेली आहे, धारेचा दगड घे. मग चामड्यानं घास, मग पाण्यात बुडव. पुढच्या खेपेला काय मागेल ते आधी कळत नाही, त्यामुळे पाचही वस्तू हाताशी ठेवाव्या लागतात. दर खेपेला पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते आणि ती भरली की कुदळीचा दर्जा जेमतेम दशांशांनी वाढतो. कधी तोही वाढत नाही, उलट कुदळीलाच मार बसतो. मार बसलेली कुदळ दुरुस्त केल्याशिवाय पुढे सुधारता येत नाही आणि दुरुस्तीत तिचा दर्जा पुन्हा थोडा उतरतो. एवढं सगळं करून हातात येते ती फक्त कुदळ. खरं खोदकाम अजून सुरूच व्हायचं असतं आणि डोंगराचा एक तुकडा हलवायला पन्नासच्या आसपास घाव लागतात.

हे वाचून ज्याला जांभई आली, त्यानं या खेळाच्या वाटेला जाऊ नये. त्याला मी कमी लेखत नाही, तो वेळेवर वाचला. माझं सांगणं दुसऱ्यांसाठी आहे. हे वाचताना ज्यांच्या मनात ‘मग ती कुदळ शेवटी किती चांगली होते?’ असा प्रश्न आला, ते या खेळात नक्की अडकणार. अडकायला माझी हरकत नाही. पण अशा खेळात केलेल्या कष्टांपैकी कोणते कष्ट आपल्यापाशी राहतात आणि कोणते पुढे कायम आपल्याकडे हात पसरत राहतात, हे आत शिरण्याआधी समजून घ्यायला हवं. बहुतेकांना ते वर्षभरानं कळतं. तोवर त्यांच्या नावावर तटबंदी, घोड्यांचा तबेला आणि चार वाफे शेत उभं झालेलं असतं.

गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं की वाळूचा ढीग पडतो आणि संध्याकाळी पोरं त्यावर चढतात. कुणी किल्ला करतं, कुणी बोगदा, कुणी दुसऱ्याचा बोगदा पाडतं. नियम कुणीच सांगितलेले नसतात. सँडबॉक्स म्हणतात त्या जातीचे ऑनलाइन खेळ याच तत्त्वावर चालतात. गोष्ट नाही, शेवटची पायरी नाही, जिंकणं नाही. जमीन आहे, हत्यारं आहेत आणि आजूबाजूला खरीखुरी माणसं आहेत. ‘अल्टिमा ऑनलाइन’ १९९७ चा, अंतराळातला ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ चा, ‘वर्म’ २००६ चा. ‘वर्म’ रॉल्फ यान्सन आणि मार्कस पर्सन या दोघा स्वीडिश माणसांनी सुरू केला. पर्सन पुढे बाहेर पडला आणि २००९ मध्ये त्यानं ‘माइनक्राफ्ट’ लोकांपुढे आणला. तो आज घरोघरी पोरांना माहीत आहे. दोन्हीत जमीन खणायचीच आहे, पण ‘माइनक्राफ्ट’मध्ये मातीचा ठोकळा क्षणात फुटतो. ‘वर्म’नं तो उशीर तसाच ठेवला, आणि म्हणूनच तो थोड्या लोकांचा खेळ राहिला.

उशिरात गोडी असते, याचा विचार फारसा कुणी करत नाही. मोबाइलवर ‘बीजीएमआय’ची एक फेरी अर्ध्या तासात आटोपते. जिंकलात किंवा हरलात तरी पुढच्या फेरीत तेच बेट पुन्हा कोरं. सँडबॉक्समध्ये आज खणलेला चर उद्याही तिथंच असतो. तीन आठवडे खपून डोंगरातून बोगदा काढला, तर पलीकडच्या गावातली अनोळखी माणसं त्यातून गाड्या हाकतात आणि खणणाऱ्याचं नाव त्यांना माहीतही नसतं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) राहणाऱ्याला हे सुख वेगळं समजावून सांगायला नको. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर आणली. पंप नाही की इंजिन नाही, नुसत्या उताराच्या हिशेबावर डोंगराकडचं पाणी शहरात आलं. आजही पाहुण्यांना शहर दाखवायला नेलं की ते कौतुक आपोआप तोंडात येतं. पण त्याच नहरीवर ठिकठिकाणी माणसाला आत उतरता येईल अशी तोंडं ठेवली होती, ती का ठेवली असतील हे सहसा कुणी विचारत नाही. ती साफसफाईसाठी होती. गाळ काढणारी माणसं कायमची लागणार, हे बांधणाऱ्यानं बांधतानाच धरून ठेवलं होतं. पुढे राखण सुटली, वरून वस्ती आली, तेव्हा बांधकाम कितीही पक्कं असलं तरी त्याचा उपयोग झाला नाही.

सँडबॉक्स खेळांची सगळी चिडचिड या एका जागी येऊन थांबते. ‘वर्म’मध्ये गाव वसवलं की त्याची पट्टी, म्हणजे राखणीचा कर, चालू होते. गावाच्या तिजोरीत नाणी असेतो घरं शाबूत राहतात. नाणी संपली की गाव मोडीत निघतं आणि भिंती, कुंपणं, पेट्या दिवसागणिक झिजत जातात. पिकाची निगराणी करावी लागते, पिकल्यावर जास्त दिवस उभं राहिलं तर त्याचं तण होतं. खेळातला एक दिवस आपल्या तीन तासांचा, म्हणजे घरी एका रात्रीची झोप झाली की तिकडे अडीच दिवस उलटलेले असतात. ‘अल्टिमा’मध्ये मालक फिरकला नाही की घराची पडझड सुरू होते आणि दारावरच्या पाटीवरून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. मग घर कोसळायच्या वेळेला बाहेर माणसं टपून उभी असतात, आतला माल उचलायला. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही क्रूर थट्टा वाटते. पण यामागे कारण आहे. जुनी, सोडलेली घरं पडली नाहीत तर नव्या माणसाला जमीन उरत नाही आणि वाळूचा ढीग काही महिन्यांत गच्च होऊन बसतो. क्षय हा या खेळांचा दोष नाही, त्यांचा श्वास आहे. त्याची किंमत कुणाच्या खिशातून जाते एवढाच प्रश्न.

या बाबतीतला सगळ्यात मोठा दाखला ‘ईव्ह’मधला आहे. २७ जानेवारी २०१४ ला बी-आर५आरबी नावाच्या एका सूर्यमालेवर लढाई पेटली. ती एकवीस तास चालली, सात हजारांहून जास्त खेळाडू त्यात होते आणि ७५ टायटन नष्ट झाले. टायटन म्हणजे त्या खेळातलं सगळ्यात थोर जहाज. एकेक बांधायला माणसांच्या टोळीला महिने लागतात. कंपनीनं नुकसानीचा हिशेब केला तो तीन लाख डॉलरच्या घरात गेला. आणि ठिणगी कशाची? त्या सूर्यमालेच्या ताब्याचं ठरावीक मुदतीचं बिल आपोआप भरलं जायला हवं होतं, ते भरलं गेलं नाही. ताबा सुटला आणि टपलेले शत्रू आत घुसले. जगातल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा आकडे छापले, स्फोटांची चित्रं छापली. मला त्या सगळ्यात मोलाचं वाटतं ते न भरलेलं बिल. हजारो माणसांची फौज, सेनापती, हेर, खजिनदार असूनही राखणीचं एक साधं काम निसटलं. मग एकट्यानं चालवलेल्या गावाची पट्टी चुकणार नाही, असं कुणी कशाच्या भरवशावर म्हणावं?

आपल्याकडून खेळणाऱ्याला यात आणखी दोन अडचणी असतात. पहिली वेळेची. अशा खेळांतली वस्ती बहुतेक युरोप-अमेरिकेतली. मध्य युरोपात रात्रीचे आठ वाजतात, म्हणजे माणसं जेवून-खाऊन खेळायला बसतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. शेजाऱ्यांच्या सोबतीसाठी सिडकोतल्या एखाद्या खोलीत दिवा दोन-अडीचपर्यंत जळतो, आणि सकाळी वाळूजच्या कारखान्यांतली पहिली पाळी कुणासाठी थांबत नाही. दुसरी अडचण पैशाची, म्हणजे रकमेची नव्हे, रक्कम पोचण्याची. रिझर्व्ह बँकेनं कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या ठरावीक रकमांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक केले. ग्राहकाच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं, पण परदेशातली अनेक सबस्क्रिप्शनं त्यानंतर मुकाट अडकली. शिवाय कार्डावर परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू केल्याशिवाय होत नाहीत. भरवसा ठेवायचाच असेल तर आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यावर ठेवू नये. तीन-चार महिन्यांची पट्टी एकदम भरून टाकावी आणि ती कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. संथ इंटरनेटची मात्र काळजी नको. गोळीबाराच्या खेळात पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा उशीर, जास्त असलं की माणूस मरतो. कुदळ सुधारण्याच्या खेळात दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर कुणाला जाणवतही नाही. माझ्या मते या खेळांचा आपल्याकडच्या माणसाला असलेला हा मोठा फायदा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: निगा तर बागेलाही लागते, गायीलाही लागते, मग खेळालाच नावं का ठेवायची? आक्षेप निम्मा बरोबर आहे. बागेची निगा हीच बागेची मजा असते आणि ‘वर्म’ आवडणाऱ्याला शेतावर दाताळं फिरवणं हीच मजा वाटते, हे मी मानतो. पण आपण आठ दिवस परगावी गेलो तर बागेला पाणी घालायला शेजारी असतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात तर पाण्याच्या दिवशी एकमेकांच्या टाक्या भरून देण्याची सवय घरोघरी आहे. खेळात नवा माणूस नेमकं हेच करत नाही. तो आल्या आल्या लांब, एकांतात, समुद्रकिनाऱ्याला जागा धरतो, कारण तिथलं दृश्य छान असतं. मग निगेचा सगळा भार त्याच्या एकट्यावर येतो. माझा सल्ला अगदी बेचव आहे: पहिलं वर्ष स्वतःचं गाव काढूच नये. कुणाच्या तरी चालत्या गावात कारागीर म्हणून राहावं. भिंत त्यांची, पट्टी त्यांची, आपली फक्त ऐरण.

या सल्ल्यामागे खेळाच्याच रचनेतलं एक कारण आहे. ‘वर्म’मध्ये घर झिजतं, हत्यार झिजतं, कणगीतलं धान्यही कायम टिकत नाही, पण अंगातलं कसब आपण निघून गेल्यानं कमी होत नाही. लोहारकाम एकापासून शंभरापर्यंत चढतं, वर जावं तसं अधिकाधिक हळू, आणि वर्षभर पाठ फिरवून परत आलं तरी जिथं सोडलं तिथंच सापडतं. मरण आलं तर थोडं घटतं, एवढंच. ‘ईव्ह’मध्ये तर कसब घड्याळावर वाढतं, खेळाडू झोपलेला असतानाही. म्हणजे हातात मुरलेलं काही मागत नाही, जमिनीवर उभं केलेलं मागत राहतं. ज्याला नोकरी, संसार किंवा परीक्षा आहे, त्यानं आपला वेळ कुठल्या बाजूला घालावा हे यावरून ठरवावं. तटबंदी बांधू नये असं नाही. बांधावी, पण तिला खर्च समजून, ठेव समजून नव्हे.

दुसरा आक्षेप घरच्यांचा असतो: शेवटी खेळच ना, नको झाला की बंद करा. हे म्हणणाऱ्याला पाश कुठं असतो ते दिसलेलं नाही. पत्त्यांचा डाव उधळून उठता येतं. इथं उठलं की मागे घोडे उपाशी राहतात आणि ज्या शेजाऱ्याला पुलासाठी फळ्या देतो म्हटलं होतं त्याचा पूल अर्ध्यावर राहतो. आनंद आटल्यावरही माणसं महिनोन्‌महिने केवळ पडझड होऊ नये म्हणून लॉगिन करत राहतात, आणि चिडचिडीचा सगळ्यात मोठा वाटा त्या महिन्यांचा असतो. हा सट्टा नव्हे, पैसे लावून पैसे काढायचे त्या खेळांशी याची गल्लत करू नये. तरी गुंतलेलं सोडवत नाही म्हणून आणखी गुंतवायचं, ही ओढ दोन्हीकडे सारखीच. शिवाय आपण कितीही राखलं तरी वरचं छप्पर कंपनीचं. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’मध्ये नोव्हेंबर २००५ मध्ये कारागिरीचा जुना घाट एका फटक्यात बदलला आणि १५ डिसेंबर २०११ ला तो खेळच बंद झाला. ‘अ‍ॅशरन्स कॉल’ १९९९ पासून चालला, ३१ जानेवारी २०१७ ला मिटला. तिथं पट्टी वेळेवर भरणाऱ्यांचीही घरं गेली.

म्हणून जाण्याची तयारी येतानाच करावी आणि ती अगदी बारीकसारीक असावी. गावाच्या कारभारात निदान एका भरवशाच्या माणसाला दारं उघडायचा आणि तिजोरीत नाणी टाकायचा अधिकार द्यावा. घोडे दोनाच्या वर पाळू नयेत. बारावीच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक लागलं की नवी पेरणी थांबवावी, उभं पीक काढून शेजाऱ्याच्या कोठारात टाकावं आणि त्याला सांगून टाकावं की हवं तेवढं खा. पाच वस्तू, म्हणजे गोळा, हातोडी, धारेचा दगड, चामडं आणि पाण्याची पखाल, एका पिशवीत घालून अंगावर ठेवावी. परतल्यावर गाव असेल किंवा नसेल. कुठल्याही भट्टीपाशी जाऊन गोळा लाल करता येतो.