आवाज हलका आला, तर हात आवरा

सेमी-ऑटोमॅटिक रायफल अडली की नेमबाजाचा हात डोक्याच्या आधी चालतो. मॅगझीनच्या बुडावर थाप, चार्जिंग हँडल मागे, सोड, पुन्हा नेम, पुन्हा चाप. अमेरिकेतल्या रेंजवर याला ‘टॅप-रॅक’ म्हणतात. आपल्याकडे सैन्यात आणि एनसीसीत ‘फौरी इलाज’. हा इलाज लढाईसाठी बसवलेला आहे. शत्रू समोर असताना दोन सेकंद वाचले तर जीव वाचतो. रेंजवर समोर कागदाचं टार्गेट असतं, आणि तिथे हीच चपळाई कधीकधी नळी फोडते.

टेक्सासमधल्या एका रेंजवर हे मी जवळून पाहिलं. तिथेच स्थायिक झालेला, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला एक मराठी तरुण आपल्या एआर-15 रायफलीवर सराव करत होता. काडतुसं मित्राने घरी भरलेली. मागे त्याचे मामा उभे होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, नोकरीतली बरीच वर्षं एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) हाताळलेले, भाच्याकडे चार दिवस आलेले. पहिल्या काही गोळ्या नीट गेल्या. मग एका चापाला नेहमीच्या दणक्याऐवजी ‘फट्’ असा बसका आवाज आला. खांद्याला धक्का लागलाच नाही म्हटलं तरी चालेल. बोल्टही जागचा हलला नाही. तरुणाचा डावा हात मॅगझीनखाली गेलाच होता.

“थांब! बोट बाहेर काढ. नळी समोरच राहू दे!” मामा एवढ्या मोठ्याने ओरडले, की कानांवरच्या मफमधूनही ते त्याच्यापर्यंत पोहोचलं.

मामांनी काय ओळखलं होतं? काडतुसाच्या बुडाला प्रायमर असतो. त्याच्या ठिणगीने आतली दारू पेटते आणि तिच्या वायूचा दाब गोळीला नळीबाहेर फेकतो. दारू घालायचीच राहिली असेल किंवा तेल-ओलाव्याने खराब झाली असेल, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीत थोडं पुढे जाऊन रुतते. इंग्रजीत अशा काडतुसाला ‘स्क्विब’ म्हणतात. एआर-15 नळीतल्या वायूवर चालते. वायूच नसेल तर बोल्ट मागे येत नाही. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं, की रायफल अडली. फौरी इलाज केला तर रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस सुरळीत आत बसतं, आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. .223 काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला 55,000 पौंड ठरवलेला आहे. बुजलेल्या नळीत त्याला पुढे वाट मिळत नाही. नळी फुगते किंवा फाटते, आणि बोल्टचे तुकडे नेमबाजाच्या तोंडाजवळ असतात.

अडकलेली गोळी किती काळ दबा धरून बसते, याचं सर्वांत दुःखद उदाहरण सिनेमाच्या सेटवरचं आहे. 31 मार्च 1993 रोजी अमेरिकेतल्या विल्मिंग्टन इथे ‘द क्रो’च्या चित्रीकरणात 28 वर्षांचा अभिनेता ब्रँडन ली मारला गेला. तिथलं हत्यार रिव्हॉल्व्हर होतं. दाखवण्यापुरत्या बनवलेल्या एका काडतुसातली दारू काढली होती, प्रायमर मात्र जिवंत राहिला होता. त्याने गोळी नळीत ढकलली. ती कुणी पाहिली नाही. पुढे दुसऱ्या दृश्यासाठी मागून ब्लँक काडतूस उडवलं गेलं आणि तीच गोळी बाहेर आली. नळीतून एकदा आरपार पाहिलं असतं, तर ती तिथेच सापडली असती.

रेंजवर पुढे जे झालं ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमालाच किंमत आहे. नळी टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, आणि किमान 30 सेकंद काहीही करायचं नाही. पेट घ्यायला उशीर झालेलं काडतूस याच वेळात उडू शकतं. नुसतं ‘टिक्’ वाजून काहीच झालं नाही, तरी हे थांबणं सोडायचं नाही. मग मॅगझीन काढलं, बोल्ट मागे ओढून अडकवला, सेफ्टी लावली. बाहेर पडलेली पुंगळी मामांनी उचलली. तोंडाशी काजळी होती, आत जळलेल्या दारूचा मागमूस नव्हता. चेंबर तर स्वच्छ दिसत होतं, आणि नेमकी इथेच फसगत होते. एसएलआरच्या ड्रिलमध्येही बोल्ट मागे धरून आत पाहायला शिकवतात, पण त्या नजरेला चेंबर दिसतं, नळी दिसत नाही. त्यांनी बोल्ट पुढे सोडला, दोन्ही पिना दाबून रायफलीचा वरचा भाग सोडवला, बोल्ट कॅरियर काढून घेतला आणि चेंबरच्या बाजूने आकाशाकडे धरून पाहिलं. उजेड नाही. पुढून घातलेला क्लीनिंग रॉड मध्येच थबकला. गोळी चेंबरच्या बरीच पुढे होती; नवं काडतूस बिनतक्रार बसलं असतं.

अडकलेली गोळी दुसरी गोळी मारून काढायची कल्पनाही मनात आणू नका. घरी हातोडी-सळई घेऊनही बसू नका. ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं. त्याने तेल सोडून, पितळी रॉडने ती मागे ठोकत काढली. नंतर नळीत प्रकाश टाकून काळसर कडं दिसतं का ते तपासलं, कारण तसं कडं म्हणजे नळी फुगल्याची खूण. ते नव्हतं.

याच्या अगदी उलट बिघाड व्हिएतनाममध्ये एम-16 रायफलीला झाला. तिथे पुंगळी चेंबरमध्येच चिकटायची आणि सैनिक पुढून रॉड घालून ती ढकलत बसायचे. रायफल बदनाम झाली. पण 1967 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या आयकॉर्ड उपसमितीने बोट ठेवलं ते काडतुसातली दारू पुरेशा चाचण्यांविना बदलण्यावर. नव्या दारूने बोल्टचा वेग वाढला, काजळीही वाढली. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचं साहित्य अपुरं. म्हणून माझं मत असं, की रायफल वारंवार अडत असेल, तर तिला दोष देण्याआधी काडतूस बदलून पाहावं, मॅगझीन बदलून पाहावं. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष कुठे होता ते कळतच नाही. हे सगळं अर्थात नळी मोकळी आहे याची खात्री झाल्यावर.

तरुणाच्या मित्राने उरलेली काडतुसं उघडली, तेव्हा आणखी काही दारूविना निघाली. दारू मोजून सोडणारं माप मध्येच तुंबलं होतं. .223 च्या पुंगळीत दारू जवळजवळ गळ्यापर्यंत येते; गोळी बसवण्याआधी टॉर्च मारला तर रिकामी पुंगळी लगेच ओळखू येते. आता तो प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारूनच पुढे जातो. काडतुसं कारखान्याची असतील तर खोक्यावरचा लॉट नंबर जपा, त्या लॉटमधलं एकही काडतूस वापरू नका, आणि अडकलेली गोळी, पुंगळी, खोकं एकत्र ठेवून उत्पादकाला कळवा.