खिळा, चूक की स्टेपल?
स्तर ४ : वाचन आणि सराव

अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या एका खोक्यावर '८ डी' असं लिहिलेलं असतं, तर दुसऱ्यावर '१८ गेज'. 'मोठा आकडा म्हणजे मोठा खिळा' असं धरून चाललात, तर फसाल!

दोन आकडे, दोन दिशा
'डी' म्हणजे पेनी. दिनारियस या रोमन नाण्याचं ते पहिलं अक्षर. जुन्या इंग्लंडमध्ये शंभर खिळ्यांच्या किमतीवरून ही नावं पडली, असं मानतात. आज हा आकडा फक्त लांबी सांगतो : ६ डी म्हणजे दोन इंच, ८ डी म्हणजे अडीच, १० डी म्हणजे तीन आणि १६ डी म्हणजे साडेतीन इंच.

गेजचा आकडा जाडी सांगतो, पण उलटा. १६ गेजचा खिळा सुमारे १.६ मिलिमीटर जाड असतो, १८ गेजचा सुमारे १.२ आणि २३ गेजची पिन जेमतेम ०.६. म्हणजे आकडा मोठा, खिळा बारीक.

कोणाचं काम कोणतं?
खिळा : रुंद डोक्याचा आणि जाड. घराचा सांगाडा, कुंपण अशा वजनदार कामांसाठी.
चूक : बारीक, अगदी लहान डोक्याचा खिळा. दुकानात याला ब्रॅड म्हणतात. फ्रेम किंवा शोभेची पट्टी बसवायला वापरतात. वर लांबी भरली की दिसतही नाही.
स्टेपल : दोन पाय आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी. ही पट्टी कापड किंवा पातळ प्लायवुड दाबून धरते. म्हणून खुर्चीचं कापड आणि कपाटाची मागची बाजू स्टेपलने बसवतात.

नीट निवडलं नाही तर?
पातळ पट्टीत जाड खिळा ठोकला, तर पट्टी चिरते. उलट, भिंतीवरची फळी नुसत्या चुकांवर टांगली, तर एक दिवस पुस्तकांसकट खाली येईल. खिळा शिरताना लाकडाचे रेषे बाजूला सरकतात आणि त्याला दोन्हीकडून आवळून धरतात. खिळा सरळ बाहेर ओढला, तर ही पकड लवकर सुटते. वजन आडवं आलं, तर तो बराच भार पेलतो.

समजा, पाऊण इंच जाडीच्या फळ्यांचं पक्ष्यांसाठी घर करायचं आहे. सुताराचा साधा नियम : खिळा वरच्या फळीच्या जाडीच्या साधारण तिप्पट लांब हवा. पाऊण गुणिले तीन म्हणजे सव्वादोन इंच. तेव्हा ६ डी चालेल. घर पावसात राहणार, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घ्या, साधे गंजतात. फळीच्या टोकाजवळ ठोकण्याआधी खिळ्याचं टोक हातोडीने हलकेच बोथट करा. टोकदार खिळा पाचरीसारखे रेषे फाकवतो, बोथट खिळा ते चिरडत आत जातो, त्यामुळे फळी सहसा चिरत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि खिळे मारायचं यंत्र मोठ्यांच्याच हाती.

शब्दांची गंमत
'चूक' म्हणजे चुकीची गोष्ट, आणि बारीक खिळाही. 'लांबी' म्हणजे किती लांब ते, आणि भेगा बुजवायचा लगदाही. नजर एका जागी स्थिर झाली, की ती 'खिळते'. जोड सैल झालेली खुर्ची 'खिळखिळी' होते.

शब्दार्थ
रेषे – लाकडातले उभे धागे
पाचर – फटीत ठोकायचा निमुळता तुकडा
मुलामा – वरून दिलेला पातळ थर
बोथट – धार किंवा टोक नसलेला

सराव
१. १६ गेज आणि १८ गेज यांपैकी बारीक कोणता? कसं ओळखलंत?
२. अर्धा इंच जाडीच्या फळीला किती लांबीचा खिळा घ्याल?
३. 'चूक' हा शब्द दोन्ही अर्थांनी एकाच वाक्यात वापरा.
४. घरातली एखादी लाकडी वस्तू पाहा. तिचे जोड कशाने पक्के केले आहेत, ते पाच वाक्यांत लिहा आणि आजी-आजोबांना फोनवर वाचून दाखवा.