१ जूनची जन्मतारीख आणि स्कीमा

शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कधी उघडून बघा. पानागणिक १ जूनला जन्मलेली चार-दोन मुलं तरी सापडतातच. आई सांगायची, ‘आषाढीच्या आदल्या दिवशी झाला,’ आणि गुरुजी लिहायचे १ जून. कागदावर ते खपून गेलं. पण २०१५ ला सरल आलं, नंतर यूडायस प्लसवर प्रत्येक मुलाची नोंद करावी लागली. आता चुकीची नोंद परत येते, आणि संचमान्यतेला आधार वैध झालेली मुलं धरायला लागल्यापासून एका मुलाची चूकही महागात पडते. म्हणून माहिती पाठवण्याआधी ती पायथनमध्ये कशी तपासायची ते सांगतो.

स्कीमा म्हणजे रजिस्टरच्या वरची रकान्यांची ओळच, फक्त जरा कडक शिस्तीची. कोणता रकाना असायलाच हवा हे ‘रिक्वायर्ड’मध्ये, मजकूर की संख्या हे ‘टाइप’मध्ये, ठरलेल्या पर्यायांपैकीच एक हवा हे ‘इनम’मध्ये, आणि आकड्यांची ठेवण ‘पॅटर्न’मध्ये लिहायची. आपला यूडायस क्रमांक ११ अंकी. सुरुवातीचे २७ महाराष्ट्राचे, पुढचे ३० सोलापूरचे. म्हणजे ‘२७३० आणि पुढे सात अंक’ हा झाला पॅटर्न. क्रमांकाची बेरीज-वजाबाकी करायची नसते, म्हणून टाइप मजकुराचाच ठेवा. एक्सेलमधली प्रत्येक ओळ जेसनमध्ये आणून पायथनच्या ‘जेसनस्कीमा’ लायब्ररीला द्यायची. ‘व्हॅलिडेट’ एकच चूक दाखवून थांबतं, ‘इटर एरर्स’ सगळ्या चुका देतं. शंभर मुलांच्या यादीला दुसरंच बरं.

इथे मी स्वतः फसलो ते आधी सांगतो. पॅटर्नमध्ये अंकासाठी ‘बॅकस्लॅश डी’ लिहिला होता. एका सहकाऱ्याने मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून आधार क्रमांक देवनागरी आकड्यांत भरले, आणि पायथनने ते बिनतक्रार पास केले! पायथनला मराठी ५ हाही अंकच वाटतो. चांगली गोष्ट आहे, पण पुढच्या यंत्रणेला तो चालेलच असं नाही. म्हणून चौकटी कंसात शून्य ते नऊ इंग्रजी आकड्यांत लिहा. पॅटर्नच्या सुरुवातीला आणि शेवटाला खूण करायलाही विसरू नका, नाहीतर १२ अंकांच्या जागी १३ अंकही चालून जातात, कारण त्यांच्या पोटात १२ सापडतातच.

तारखेचं आणखी वेगळं. ‘फॉरमॅट’मध्ये तारीख लिहिली तरी ही लायब्ररी ती आपणहून तपासत नाही. ‘फॉरमॅट चेकर’ वेगळा द्यावा लागतो. तो दिला की ३० फेब्रुवारी लगेच पकडली जाते.

आधारचा शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. डच गणिती व्हरहॉफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तो काढतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी तो ओरडतो. हे गणित पॅटर्नमध्ये बसत नाही, त्यासाठी छोटं फंक्शन लिहावं लागतं.

हे सगळं करून माझी यादी शून्य चुकांनी पार झाली. खुशीत होतो. मग सहज आडनावाप्रमाणे यादी लावली, तर दोन सख्खे भाऊ खाली-वर आले. थोरला १ जून २०१४, धाकटा १२ ऑक्टोबर २०१४. साडेचार महिन्यांचं अंतर! प्रत्येक ओळ आपल्या जागी बरोबर, कारण स्कीमा एका वेळी एकच मूल बघतो. थोरल्याचं आधारही जुळत होतं. जुळणारच, ते शाळेच्या बोनाफाईडवरूनच काढलेलं.

करकंबच्या बाजारादिवशी त्यांची आई शाळेत आली. मी विचारलं, ‘ताई, थोरला नक्की कधीचा?’ ती म्हणाली, ‘गुरुजी, आषाढीच्या आदल्या दिवशीचा. दिंड्या चालल्या होत्या की!’ ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत १८ जुलै २०१३ निघाली. शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख बदलून घेणं फार अवघड असतं, म्हणून त्याच आठवड्यात दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. आता शेवटी मी एक फंक्शन वाढवलंय. आईचं नाव एकच असलेल्या मुलांच्या तारखा ते शेजारी ठेवतं, आणि १ जूनवाल्यांची यादी वेगळी काढून देतं. त्या यादीतल्या घरी मी स्वतः जातो.