काळ्या गळ्याची चिमणी

चिऊताई म्हटलं की घराच्या वळचणीला घरटं बांधणारी चिमणी आठवते, हो ना? अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात मात्र वेगळीच चिमणी राहते: ब्लॅक-थ्रोटेड स्पॅरो. पाठ करडी, गळा काळाभोर, डोळ्यांवर पांढरी रेघ. वजन जेमतेम 11 ते 15 ग्रॅम!

वाळवंटात पाणी कुठून आणायचं? किडे आणि हिरवा पाला खाऊन ती पाणी मिळवते. नुसतं सुकं बी खायची वेळ आली, की मात्र तिला पाणवठा शोधावा लागतो.

काटेरी झुडपात, जमिनीपासून थोड्याच उंचीवर ती गवताचं वाटीसारखं घरटं बांधते. त्यात साधारण तीन-चार अंडी असतात. कधीकधी काउबर्ड नावाचा पक्षी गुपचूप तिथे आपलं अंडं घालतो, अगदी आपल्या कोकिळेसारखं!

आपली चिऊताई माणसांच्या घरात घर करते. ही मात्र झुडपं तोडून नवी घरं उभी राहिली, की तिथून निघून जाते. आपल्याला ओसाड वाटणारी जागा तिचं घर असते.

शब्दार्थ
वळचण – छपराच्या कडेखालची जागा
पाणवठा – पाणी प्यायची जागा
ओसाड – जिथे कुणी राहत नाही असं

सांगा पाहू: चिऊताई आणि ही चिमणी यांच्यात कोणता फरक आहे?