माळशेज ते कल्याण, घोड्यांच्या चालीने

दिवाळी सरली की नगर-पुण्याकडचे धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात, मुरबाड-कल्याणच्या शिवारांत फिरतात आणि पावसाच्या तोंडावर परत चढतात. दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही. मी डोंबिवलीची. अशा एका वाड्याबरोबर, म्हणजे धनगरांच्या तांड्याबरोबर, माळशेज घाट उतरून कल्याणपर्यंत चालत आले. त्या वाटेने शिकवलेलं हे थोडंफार.

१. घोड्यावर न बसताही घोड्याचा प्रवास घडतो. इथे घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड असतं: भांडी, अंथरुणं, मेंढ्या कोंडायची वाघर, कोंबड्या, कालपरवा जन्मलेलं कोकरू आणि सगळ्यात वर एखादं तान्हं. धडधाकट माणसं पायी. मराठी फौजांनी ज्यांच्या जोरावर मुलूख तुडवला, ती भीमथडी तट्टं आज हा संसार वाहतात.

२. घोडे बायकांच्या हाती असतात. पुरुष मेंढ्या चारत रानातून येतात, बायका घोडे घेऊन पुढे होतात. दोन्ही बाजूंचा भार सारखा ठेवणं ही त्यांची विद्या; एक बाजू जड झाली की खोगीर सरकतं आणि पाठ सोलवटते. तळावर पोचल्यावर चूल मागाहून. आधी ओझं उतरवायचं आणि पाठीवरून हात फिरवून कुठे दुखतंय का ते बघायचं. माया रोज अशी हाताने करावी लागते, हे मला तिथे उमगलं.

३. विश्वास समोरून जाऊन मिळवायचा असतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणून त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. थेट पाठीमागचं मात्र दिसत नाही. "ताई, मागनं नका येऊ. त्याला दिसाल अशा या," वाड्यातल्या एक मावशी म्हणाल्या. माणसांशी वागतानाही हे वाक्य मला आठवतं.

४. निर्धास्तपण एकट्याने मिळत नाही. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवं व्हावं लागतं. बिबट्याच्या त्या मुलखात एक घोडी अंग टाकून झोपली होती आणि दुसरी कान टवकारून शेजारी उभी होती. तिच्या भरवशावर मीही झोपले.

५. रस्ता या वाड्यांचाही आहे. गाड्या वाढल्या आणि आमच्या कल्याण-शिळ पट्ट्यात शेतांच्या जागी इमारती आल्या, तसा तळ टाकायला मोकळा तुकडा दुर्मिळ झाला. कर्कश हॉर्नने घोडा बिथरतो, आणि त्याच्या पाठीवर मूल असू शकतं. म्हणून एवढंच मागणं: कल्याण-नगर रस्त्यावर वाडा दिसला, तर गाडी बाजूला घ्या, हॉर्न वाजवू नका आणि शेवटचा घोडा पुढे जाईपर्यंत थांबा.