जुनी अमेरिकन टाइल किंवा फुलदाणी घेताय? आधी उलटी करून पाहा

तुम्ही न्यू जर्सी, ओहायो किंवा कॅलिफोर्नियात राहत असाल, किंवा मुलांकडे काही महिने जाणार असाल, तर तिथल्या जुन्या बाजारात शंभर वर्षांपूर्वीच्या झिलईदार फुलदाण्या आणि फायरप्लेसभोवती बसवायच्या नक्षीदार टाइल हमखास दिसतील. वस्तू देखण्या असतात आणि बऱ्याचशा परवडणाऱ्याही. मात्र नकला भरपूर आहेत आणि वरखर्च त्याहून जास्त. पैसे मोजण्याआधी एवढं वाचा.

कुठे, कधी?

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा मोठा बाजार भरतो. पासाडेनाचा रोझ बोल बाजार दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो. तिथे प्रवेशाला तिकीट आहे आणि पहाटे आत जायचं तर ते महाग पडतं. न्यू जर्सीत लॅम्बर्टव्हिलला शनिवार-रविवारी खुला बाजार भरतो, शिवाय तिथे मोठं लिलावगृहही आहे. बाजारात पहिल्या फेरीत नुसतं बघा. घासाघीस दुपारनंतर करा, विक्रेत्यांची सामान आवरायची वेळ झाली की भाव उतरतात.

भाव काय?

हे आकडे ढोबळ आहेत आणि वस्तू अखंड असेल तरच लागू. १९४० च्या दशकातली रोझविल कारखान्याची लहान फुलदाणी ५० ते १५० डॉलर. रुकवुड कारखान्याची साच्यातली, कलाकाराची सही नसलेली १०० ते ३०० डॉलर. सहा इंची एकरंगी व्हिक्टोरियन टाइल दहा-वीस डॉलरपासून. बोस्टनच्या ग्रूबीची मॅट हिरवी फुलदाणी किंवा न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम कॉलेजची चांगली वस्तू हजारांत जाते. अशी वस्तू कोणी ८० डॉलरला देऊ करत असेल, तर खूश होण्याआधी संशय घ्या.

ओळखायची कशी?

तळ पाहा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

रुकवुड, सिनसिनाटी, स्थापना १८८०. पाठीला पाठ लावलेली रोमन आर आणि पी ही अक्षरं ही तिची खूण. १८८६ पासून ही खूण सुरू झाली आणि पुढे दरवर्षी तिच्याभोवती एक ज्योत वाढत गेली. १९०० साली १४ ज्योती झाल्या. १९०१ पासून ज्योती तेवढ्याच राहिल्या आणि खाली रोमन आकड्यात साल येऊ लागलं. म्हणजे १४ ज्योती आणि खाली रोमन ११ असेल, तर वस्तू १९११ ची. शेजारचा अंक आकाराचा क्रमांक, त्यानंतरचं अक्षर मापाचं, आणि वेगळी कोरलेली आद्याक्षरं कलाकाराची. आता तळावर बोट फिरवा. चाकाने घासून काढलेली फुली हाताला लागली, तर तो कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला माल. घ्यायला हरकत नाही, पण पूर्ण भाव देऊ नका.

रोझविल, ओहायो, १९५४ ला बंद. सगळ्यात जास्त नकला हिच्याच. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून तळावर उठावाच्या अक्षरांत नाव आणि यू.एस.ए. येतं, सोबत आकार क्रमांक आणि इंचांतलं माप. १९९० च्या दशकात आलेल्या चिनी नकलांवर उठावाचं नाव आहे, पण बहुतेकांवर यू.एस.ए. नाही. अपवादही लक्षात ठेवा: त्याआधीच्या अस्सल वस्तूंवर खोलगट ठसा, नुसतं कागदी लेबल किंवा काहीच नसू शकतं.

व्हॅन ब्रिगल, कोलोरॅडो स्प्रिंग्ज. जोडलेल्या दोन ए अक्षरांची खूण १९०१ पासून २०१२ ला कारखाना बंद होईपर्यंत वापरात होती. त्यामुळे नुसत्या खुणेवरून वस्तू जुनी ठरत नाही. सुरुवातीच्या काळात तळावर साल कोरत, ते शोधा.

टाइलचा हिशेब वेगळा, तिथे मागची बाजू वाचायची. बॅचेल्डर कारखान्याच्या टाइलवर मागे नाव आणि लॉस एंजेलिस असा ठसा असेल, तर ती १९२० ते १९३२ च्या दरम्यानची. मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सीच्या लो कारखान्याच्या मालावर नाव आणि गाव दोन्ही सापडतात. पेनसिल्व्हेनियातल्या डॉयल्सटाउनचा मोरेव्हियन आणि डेट्रॉइटचा पेवाबिक हे कारखाने आजही टाइल करतात, मोरेव्हियन तर जुन्याच नमुन्यांच्या. नवी टाइल सुंदर असते, पण तिला जुनीचा भाव देऊ नका. मागे सिमेंट चिकटलेलं असेल तर ठसा दिसत नाही आणि सिमेंट काढताना टाइल फुटू शकते. तो धोका विक्रेत्याचा नाही, तुमचा. भाव तसाच लावा.

दोन मिनिटांची तपासणी

कडेवर नख फिरवा, टवका लागतो. हलकेच टिचकी मारा, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जवळ ठेवा, अंधारात अनेक दुरुस्त्या वेगळ्या रंगात चमकतात. ग्लेझमधल्या बारीक जाळीदार रेषा जुन्या वस्तूंत सर्रास असतात, त्यांना घाबरू नका. आरपार गेलेला तडा मात्र किंमत अर्ध्यावर आणतो. या भांड्यांतून काही खाऊ-पिऊ नका, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं.

चिठ्ठीवर नसलेला खर्च

लिलावात हातोडा ४०० डॉलरला पडला असं धरू. खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के, म्हणजे १००. ऑनलाइन बोली लावलीत तर मंचाचे आणखी ३ टक्के, १२. झाले ५१२. त्यावर न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, सुमारे ३४. बाहेरच्या दुकानाकडून पॅकिंग आणि पाठवणी ६०. एकूण सुमारे ६०६ डॉलर. म्हणून बोली लावण्याआधी उलटा हिशेब करा: जास्तीत जास्त ६०० द्यायचे असतील, तर ४०० च्या आत थांबा. ऑनलाइन न लावता स्वतः जाऊन वस्तू उचललीत, तर मंचाचे आणि पाठवणीचे पैसे वाचतात.

नोंदणीला फोटो ओळखपत्र आणि कार्ड लागतं. स्थितीचा लेखी अहवाल लिलावाआधी मागा, बहुतेक ठिकाणी तो फुकट मिळतो. ईबेवर वस्तू वर्णनाशी जुळली नाही, तर पोहोचल्यापासून ३० दिवसांत दावा करता येतो. त्यासाठी पेटी उघडतानाचे फोटो काढून ठेवा. पाठवणी दोन पेट्यांतच करायला सांगा आणि विम्यात जुन्या कलावस्तू धरल्या आहेत का, ते आधी विचारा.

भाव फुकटात कसा कळेल?

मागितलेली किंमत पाहू नका, विकलेली पाहा. ईबेवर "विकले गेलेले" हा फिल्टर लावा. सिनसिनाटी आर्ट म्युझियमला सर्वसाधारण प्रवेश मोफत आहे, तिथे अस्सल रुकवुड डोळ्यांखालून घाला. खुणांचे कोश गावच्या लायब्ररीत मागा. लेखी मूल्यांकन हवंच असेल, तर ठरावीक किंवा तासावर फी घेणाराच निवडा. किमतीवर टक्केवारी मागणारा, किंवा "मीच विकत घेतो" म्हणणारा मूल्यमापक नको.

भारतात आणायची असेल तर

बिल मूळ ठेवा. त्यावर कारखाना, अंदाजे साल, किंमत आणि दुरुस्ती झाली असल्यास तसं लिहून घ्या. कस्टमला खरी किंमत सांगा, निघण्याआधी सामानाची चालू मर्यादा तपासा आणि भरलेल्या शुल्काची पावती जपा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याचं बंधन आहे. पुढे वस्तू परत न्यायची वेळ आली, तर हीच कागदपत्रं उपयोगी पडतील.

पहिली खरेदी १०० डॉलरच्या आत, खूण स्पष्ट असलेली आणि अखंड अशीच करा. आणि विक्रेता वस्तू उलटी करून पाहू देत नसेल, तर तिथून सरळ पुढे चला.