धूम्रपानाच्या जाहिराती कशाचे अभिवचन देतात?

शास्त्रवाचन: उत्पत्ति ३:१-६, १ करिंथकर ६:१२, १९, २०, २ पेत्र २:१९

१ पहिल्यांदाच सिगारेट ओढणाऱ्याला काय अनुभव येतो? घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते, डोके गरगरते. निर्माणकर्त्याने घडवलेला देह धुराचा स्वीकार सहजासहजी करत नाही. असे असूनही तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडतात. २०१६-१७ साली भारतात झालेल्या पाहणीनुसार प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करत होते. जी वस्तू देह प्रथम नाकारतो, ती मनुष्य पैसे मोजून का विकत घेतो?

२ याची कारणे अनेक आहेत. मित्रांचा आग्रह, घरातील वडीलधाऱ्यांचे उदाहरण, मनावरील ताण ही त्यांपैकी काही होत. आपल्या देशात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे अधिक आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी ही सवय घरातून वा कामाच्या ठिकाणाहून उचललेली असते. तथापि, जाहिरातींचा वाटा लहान नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरल यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, तंबाखू कंपन्यांची जाहिरातबाजी हे तरुणांच्या धूम्रपानास आरंभ होण्याचे एक कारण आहे. यास्तव, जाहिरात मनाची पकड कशी घेते हे समजून घेणे आपल्याला अगत्याचे आहे.

एदेन बागेतील पद्धत

३ फसव्या प्रलोभनाचा नमुना आपल्याला पवित्र शास्त्राच्या आरंभीच्या पानांवर आढळतो. सर्पाने हव्वेपुढे फळाच्या चवीचे वर्णन केले नाही. त्याने प्रथम परिणामाचा धोका नाकारला, मग एका उच्च पदाचे अभिवचन दिले. त्यानंतर ते फळ तिच्या डोळ्यांना वेगळेच दिसू लागले. (उत्पत्ति ३:४-६) फळ बदलले नव्हते, तिची नजर बदलली होती. तंबाखूच्या जाहिरातींनीही याच तीन पायऱ्यांचा उपयोग केला आहे: धोका लपवणे, अभिवचन देणे आणि नजर बदलणे.

स्वातंत्र्याच्या मशाली?

४ याचे एक बोलके उदाहरण पाहा. १९२९ सालापर्यंत अमेरिकेत स्त्रियांनी रस्त्यात सिगारेट ओढणे असभ्य समजले जाई. लकी स्ट्राइक सिगारेट बनवणाऱ्या कंपनीला ही अडचण दूर करावयाची होती. तिने एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाचे साहाय्य घेतले. त्या वर्षी ३१ मार्च रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यू यॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील मिरवणुकीत काही तरुणींनी सर्वांसमक्ष सिगारेटी पेटवल्या. त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव देण्यात आले. वर्तमानपत्रांनी ही बातमी दूरवर पोहोचवली, पण तिच्यामागे सिगारेट कंपनीचा पैसा आहे हे वाचकांना ठाऊक नव्हते.

५ स्त्रियांना समान मान हवा होता, आणि ती इच्छा अयोग्य नव्हती. कंपनीने नेमकी तीच इच्छा हेरली आणि तिच्या जागी व्यसन हाती दिले. प्रेषित पेत्राने अशाच लोकांविषयी सावध केले होते. ते स्वातंत्र्याची अभिवचने देतात, परंतु मनुष्य ज्याच्या अंकित होतो त्याचा तो दास बनतो, असा त्याच्या शिकवणीचा आशय आहे. (२ पेत्र २:१९) लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की स्वतः बर्नेज आपल्या पत्नीची धूम्रपानाची सवय सुटावी म्हणून घरात खटपट करीत असत, आणि १९६० च्या दशकात त्यांनी धूम्रपानविरोधी प्रचारास हातभार लावला. मशाल म्हणून जगाला विकलेली वस्तू त्यांना आपल्या घरात नको होती!

डॉक्टर, गुराखी आणि उंट

६ धोका लपवण्यासाठी कोणाचा उपयोग करण्यात आला? १९४६ सालापासून कॅमल सिगारेटच्या जाहिरातींत पांढऱ्या कोटातील डॉक्टर दाखवले जात आणि डॉक्टरमंडळी हीच सिगारेट अधिक पसंत करतात असे सांगितले जाई. ज्याच्यावर रोगी विश्वास ठेवतो त्याच्याच मुखी हे शब्द घालण्यात आले. भोळा मनुष्य प्रत्येक शब्द खरा मानतो, पण शहाणा आपले पाऊल जपून टाकतो, हे नीतिसूत्रे १४:१५ मधील तत्त्व येथे किती समर्पक ठरते!

७ मार्लबोरो ही सिगारेट १९२४ साली स्त्रियांसाठी सौम्य म्हणून बाजारात आली होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास तिच्या जाहिरातींत घोड्यावर स्वार झालेला रांगडा गुराखी आला आणि थोड्याच वर्षांत तिचा खप अनेक पटींनी वाढला. तिच्या जाहिरातींत झळकलेले वेन मॅक्लॅरन १९९२ साली वयाच्या ५१ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावले. अखेरच्या काळात ते लोकांना धूम्रपानापासून परावृत्त करीत होते. त्यांचे चित्र मात्र पुरुषार्थाची खूण म्हणून घरोघरी पोहोचलेले होते.

८ बालकांनाही सोडण्यात आले नाही. १९८८ सालापासून अमेरिकेत कॅमल सिगारेटसाठी एका हसऱ्या उंटाचे व्यंगचित्र वापरण्यात आले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा वर्षांच्या मुलांपैकी ९१ टक्के मुलांनी त्या उंटाची जोडी सिगारेटशी अचूक जुळवली. मिकी माउसला ओळखणाऱ्या मुलांचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. लोकांच्या वाढत्या विरोधानंतर १९९७ साली तो उंट मागे घेण्यात आला.

आपल्या देशात काय घडले?

९ आपल्याकडे क्रिकेट हे प्रभावी साधन ठरले. १९९० च्या दशकात भारतीय खेळाडूंच्या पोशाखावर विल्स हे सिगारेटचे नाव असे. १९९६ सालची विश्वचषक स्पर्धाही त्याच नावाने भरवण्यात आली. मैदानावर कोणी सिगारेट ओढत नव्हते, मग हानी कोणती? गोव्यातील डॉक्टरांनी शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचे उत्तर दिले. तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक असलेल्या मुलांमध्येसुद्धा असे सामने पाहिल्याने तंबाखूची चव घेऊन पाहण्याची शक्यता वाढली होती. धूम्रपानाने खेळ सुधारतो असा खोटा समज काही मुलांच्या मनात रुजला होता. होय, केवळ माहिती असणे पुरेसे नसते. ज्याच्याविषयी आदर वाटतो त्याच्यासारखे होण्याची इच्छा माहितीवर मात करते.

१० २००३ सालच्या कायद्यानुसार १ मे २००४ पासून भारतात तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. चित्रपटांतील धूम्रपानाच्या दृश्यांसोबत इशारा दाखवण्याचा नियम २०१२ साली लागू झाला, आणि २०२३ साली तो इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांनाही लागू करण्यात आला. तरीही मोहाची वाट पूर्णपणे बंद झालेली नाही. चित्रपटाचा नायक अजूनही धुराची वलये सोडत पडद्यावर येतो. तंबाखूच्या पुड्यांवरील नावे वेलची व पानमसाल्याच्या जाहिरातींतून प्रसिद्ध नटांच्या मुखाने घरात ऐकू येतात. कायदा फलक उतरवू शकतो, अंतःकरणाची राखण मात्र आपल्यालाच करावी लागते.

आपण काय करावे?

११ एखादे आकर्षक दृश्य समोर आले की स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे मला कशाचे अभिवचन देत आहे? यात काय लपवलेले आहे? आणि याची किंमत कोण चुकवणार आहे? हे प्रश्न विचारणारा मनुष्य जगाच्या साच्यात सहज ओतला जात नाही. (रोमकर १२:२) किंमत तर केवळ ओढणाराच चुकवत नाही. त्याच्या धुरात श्वास घेणारी पत्नी व लेकरेही ती चुकवतात. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मानणाऱ्याने हे दृष्टीआड करणे उचित होईल का?—मत्तय २२:३९.

१२ आईवडिलांवर विशेष जबाबदारी आहे. घरी बसलेले असता आणि वाटेने चालत असता मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलावे, असे इस्राएली लोकांना सांगण्यात आले होते. (अनुवाद ६:६, ७) आज घरी बसणे म्हणजे पुष्कळदा दूरदर्शन संचासमोर वा मोबाईल घेऊन बसणे होय. तेथेच संभाषण सुरू करता येईल. “या नायकाच्या हाती सिगारेट का दिली असेल?” असा साधा प्रश्न मुलाला विचार करावयास लावतो. परंतु वडीलच अंगणात बिडी ओढत असतील, तर मुलासाठी त्याहून परिणामकारक जाहिरात दुसरी कोणती?

१३ जे आधीच या सवयीच्या आहारी गेले आहेत त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नका. धूर आत घेताच काही सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते आणि शरीर ते पुन्हा पुन्हा मागू लागते. म्हणूनच केवळ निश्चय अनेकदा अपुरा पडतो. अशा बंधुभगिनींनी लाजून दूर राहू नये. प्रार्थना, मंडळीतील प्रौढ विश्वासूंचा आधार आणि वैद्यकीय सल्ला या तिन्हींचा त्यांनी लाभ घ्यावा. शासनाची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही सल्ला देते. प्रयत्न फसला तर पुन्हा करावा, कारण अनेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न केल्यावरच यश आले आहे.

१४ कशाच्याही अधीन न होण्याचा पौलाचा निर्धार होता. आपले शरीर मोल देऊन विकत घेतलेले आहे, हे तो करिंथ येथील विश्वासूंना आठवून देतो. (१ करिंथकर ६:१२, १९, २०) जाहिरात आपल्याला गिऱ्हाईक समजते आणि आपली किंमत आपल्या खिशावरून ठरवते. देवाने मात्र आपली किंमत आपल्या पुत्राच्या रक्ताने ठरवली आहे. जो हे मनापासून मानतो, त्याला आपला मान, आपले धैर्य अथवा आपले स्वातंत्र्य पाकिटातून विकत घेण्याची गरज उरत नाही. खरे स्वातंत्र्य पुत्र देतो, आणि ते विनामूल्य देतो.—योहान ८:३६.

उजळणीसाठी प्रश्न

• एदेन बागेतील प्रलोभनाच्या कोणत्या तीन पायऱ्या तंबाखूच्या जाहिरातींत दिसतात? (परिच्छेद ३)
• १९२९ सालच्या घटनेवरून २ पेत्र २:१९ चे सत्य कसे स्पष्ट होते? (परिच्छेद ४, ५)
• दुष्परिणामांची माहिती असूनही मुले मोहात का पडतात? (परिच्छेद ९)
• तुमच्या घरात या विषयावर कोणत्या प्रसंगी बोलता येईल? (परिच्छेद ११, १२)
• सवय सोडू पाहणाऱ्यास तुमची मंडळी कसे साहाय्य करू शकेल? (परिच्छेद १३)